सेटिंगला हात लावण्याआधी विचारा

कॉलेजातला आमचा कॉम्प्युटरचा विभाग बंद झाला तेव्हा कुणालाच फारसा धक्का बसला नाही. काही वर्षांपासून प्रवेश कमी कमी होत गेले होते आणि शेवटी शेवटी तर मी वर्गात शिरले की मुलंच विचारायची, "मॅडम, आज लेक्चर हाय का?" संस्थेनं शाल आणि नारळ दिला. घरी येऊन मी शाल कपाटात ठेवली, नारळाची चटणी केली आणि दुपारची झोपले. जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. उद्या कुठंच जायचं नाही, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला.

पन्नाशी तेव्हा मागे पडली होती. लग्न मी केलं नाही. अमरावतीत रुक्मिणीनगराच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या होत्या, आणि अकोल्याला मोठी बहीण. ताई हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेली. भावजी गेल्यापासून तीही एकटीच, मुलगी बेंगळुरूला. एवढाच गोतावळा.

रिकामपणाचे काही महिने गेल्यावर एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती नांदगाव खंडेश्वरकडची. घरी झेंडू, शेवंती आणि थोडा भाजीपाला. कॉलेजच्या दिवसांत एसटीनं यायची आणि प्रॅक्टिकलला उशीर झाला तर कारण न सांगता कामाला लागायची, म्हणून माझ्या लक्षात राहिली होती. मधली काही वर्षं पुण्यात नोकरी करून ती परत आली होती आणि राजापेठेजवळ एका औषधाच्या दुकानाच्या वर तिनं लहानशी कंपनी काढली होती.

"मॅडम, तुम्ही काय करून राहिल्या सध्या?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"मग या ना माझ्याकडे. लिहायचं काम हाय. तुमच्यासारखं समजावून सांगणारं कोणी भेटून नाई राहिलं."

मी गेले. जिने चढताना औषधांचा वास, वर गेल्यावर चहाचा. दोन खोल्या, चारपाच मुलंमुली, प्रत्येकाच्या कानात काहीतरी घातलेलं. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. पहिल्या दिवशी तिनं मला तुम्ही-तुम्ही करत सगळं दाखवलं आणि मग जरा अवघडून म्हणाली, "इथं सगळे मला नावानं हाक मारतात. तुम्ही मात्र तूच म्हणा." मी तूच म्हणत राहिले. माझा पगार ती देत होती, तरी.

कामाचं स्वरूप ताईला समजावताना मला फार कष्ट पडले, म्हणून इथं तसंच सांगते. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं काही बारीक गोष्टींवरून फार भांडतात. ओळ किती लांब असावी, आतली ओळ किती जागा सोडून सुरू व्हावी, कंस त्याच ओळीत उघडावा की खालच्या. त्यानं प्रोग्रॅमच्या चालण्यात काही फरक पडत नाही. पण प्रत्येकानं आपापल्या तऱ्हेनं लिहिलं तर दुसऱ्याला वाचवत नाही. म्हणून एकत्र काम करणारा गट भांडून-बिंडून काहीतरी ठरवतो आणि ते एका सेटिंगच्या फाइलीत लिहून ठेवतो. आजकाल पुष्कळसा कोड माणसं लिहीत नाहीत, एआय एजंट लिहितात. माणसानं काम सांगायचं, एजंट फाइली उघडतो, वाचतो, लिहितो, तपासतो. पण या गटात काय ठरलंय हे त्याला कसं कळणार? आमच्या कंपनीनं बनवलेलं टूल ती सेटिंगची फाइल वाचून एजंटला नियम सांगायचं आणि त्यानं लिहिलेलं नियमात बसत नसेल तर तक्रार करायचं. सेटिंगच बदललं, तर जुन्या फाइलीही नव्या नियमानं मांडून द्यायचं. हे टूल कसं वापरायचं, कोणत्या सेटिंगचा अर्थ काय, हे सांगणारा दस्तऐवज इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे होतं. तो वाचणार होता एजंट.

ताईनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तू मशीनले पत्र लिहून राहिली."

"तसंच काहीतरी."

"आन् त्याले समजते का ते?"

"ते अजून कळायचं आहे."

पहिला मसुदा मी मन लावून लिहिला. इतक्या वर्षांच्या सवयीनं आधी प्रास्ताविक, मग प्रत्येक सेटिंगची माहिती, उदाहरणं, नेहमीच्या चुका. मधे एक परिच्छेद असाही होता, की ही सेटिंगं का असतात, ती माणसांनी आपसात केलेली तडजोड कशी असते, त्यामागं कुणीतरी आपली आवड सोडलेली असते, म्हणून ती कधी परस्पर बदलायची नाहीत. तो परिच्छेद मला बरा वाटला होता.

मग चाचणी सुरू झाली. एजंटला माझा दस्तऐवज द्यायचा, एक काम द्यायचं आणि तो काय करतो ते बघायचं. तो सगळं क्षणात वाचायचा आणि मग बरोबर तेच करायचा जे करू नको म्हणून लिहिलं होतं. एका वाक्यात मी लिहिलं होतं, की अमुक सेटिंग सहसा बदलू नये. त्यानं बदललं. "सहसा" काढलं, तर दुसरीकडे जिथं बदलायला सांगितलं होतं तिथंही तो थांबला. उदाहरण दिलं तर उदाहरणातलं फाइलचं नाव जसंच्या तसं वापरायचा. आणि पुन्हा चाचणी घेतली की आधीचं काहीच आठवत नसायचं. वर्गात ढ मूलसुद्धा दुसऱ्या दिवशी थोडं काहीतरी बरोबर घेऊन यायचं. इथं रोज पहिला दिवस.

"मॅडम, लांब होऊन राहिलं," विद्यार्थिनी म्हणाली. "शेवटापर्यंत जाता जाता सुरुवातीचं त्याच्याकडून निसटते. कमी करा."

मी कमी केलं. तिनं आणखी कमी करायला सांगितलं. प्रास्ताविक गेलं, जोडवाक्यं गेली, "लक्षात घ्या", "उदाहरणार्थ" गेले. त्या काळात मी दिवसभरात जितकं लिहीत होते त्याहून जास्त खोडत होते. एका दुपारी ती माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "हे पण काढून टाका ना. का-बिचं त्याले काय करायचं हाय? काय करायचं तेवढं सांगा." बोट त्या तडजोडीच्या परिच्छेदावर होतं.

"माणसानं वाचलं तर?" मी विचारलं.

"माणसं कुठं वाचतात मॅडम हे."

ते खरं होतं. मी परिच्छेद काढला. वाद घालायचं त्राण नव्हतं आणि खरं सांगायचं तर तिचं म्हणणं मला पटलंही होतं. दस्तऐवज आखूड झाला आणि चाचण्या बऱ्या जायला लागल्या. पुण्याच्या एका क्लायंटनं टूल घेतलं. ऑफिसात समोसे आले. मी एक खाल्ला, दुसरा कागदात बांधून घरी नेला.

मार्चमध्ये ताई अंगणातल्या नळाजवळ घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. भाची बेंगळुरूहून धावत आली, ऑपरेशन झालं, ती रजा संपेपर्यंत राहिली आणि जाताना माझे हात धरून म्हणाली, "मावशी, तू आहेस म्हणून." मग बॅग उचलून निघाली. मी विद्यार्थिनीला फोन करून सांगितलं की मला अकोल्याहून काम करावं लागेल. ती म्हणाली, "करा ना. कोणी अडवलं तुम्हाले." बडनेऱ्याहून गाडीत बसले तेव्हा लॅपटॉपच्या पिशवीत मी चार साड्या कोंबल्या होत्या. महिनाभराचं काम असेल असा अंदाज होता.

ताई आजारी माणूस म्हणून अवघड होती. आयुष्यभर वर्गापुढे उभी राहिलेली बाई, तिला पलंगावरून हुकूम सोडणं जमत होतं, पण कुणी तिला उठवून बसवलेलं चालत नव्हतं. वॉकर घेऊन चालायचं म्हटलं की तिचं तोंड उतरायचं. "हे घोडं घेऊन मी दारात जाऊ का? लोकं काय म्हनतीन?" लोक काही म्हणत नव्हते. समोरच्या बाई रोज विचारून जायच्या आणि ताई रोज त्यांना सांगायची की आता एकदम बरं आहे.

सकाळी स्वयंपाकाची बाई येऊन जायची. तिच्यामागून मी ताईची आंघोळ, औषधं, व्यायाम उरकून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची. ऊन चढलं की कूलर लावायचा, आणि कूलर लावला की विद्यार्थिनी फोनवर म्हणायची, "मॅडम, काय आवाज येऊन राहिला, हेलिकॉप्टर हाय का तिकडे?" मी कूलर बंद करायची, घामेजून बोलायची, पुन्हा लावायची. आतून ताई हाक मारायची. काय पाहिजे विचारायला गेलं तर म्हणायची, "काही नाही. तू हायस का, ते पाह्यलं."

असंच एकदा मेच्या दुपारी फोन आला. या वेळी विद्यार्थिनी कूलरबद्दल काही बोलली नाही.

"मॅडम, पुण्याच्या लोकांकडे घोळ झाला."

तिनं सांगितलं ते असं. त्यांच्या एजंटला एक लहानसं काम दिलं होतं. त्यानं लिहिलेल्या कोडात एक ओळ फार लांब झाली. तिच्यात इंटरनेटचा एक पत्ता होता, तो मधे तोडता येत नव्हता. आमच्या टूलनं रीतसर तक्रार केली की ओळ ठरलेल्या लांबीपेक्षा मोठी आहे. एजंटनं एकदोनदा प्रयत्न केला. जमलं नाही. मग त्यानं सेटिंगची फाइल उघडली आणि ठरलेली लांबीच वाढवून टाकली. तक्रार मिटली. पण सेटिंग बदललं म्हटल्यावर टूलनं आपलं काम इमानानं केलं. त्या प्रकल्पातल्या साऱ्या फाइली नव्या लांबीनुसार पुन्हा मांडून ठेवल्या. हजारो ओळी हलल्या. माणसं सकाळी येऊन बघतात तर आपण लिहिलेलं ओळखू येईना, आणि खरा बदल नेमका कुठं झालाय ते सापडेना. ते सगळं मागं घ्यायला त्यांच्या लोकांचे दिवस गेले, आणि दुसऱ्या कुणाचं तरी चालू असलेलं काम त्यात बुडालं.

"आता थोड्या वेळात कॉल ठेवला त्यांनी," ती म्हणाली. "तुम्ही नुसत्या ऐका. मी बोलतो."

ती दमली की तिच्या बोलण्यात असं गावाकडचं "मी बोलतो" यायचं. पुण्यात तिनं ते फार जपून घालवलं होतं.

मी कूलर बंद केला आणि ताईच्या खोलीचं दार लोटून घेतलं. कॉलवर पुण्याचे तिघं होते. मोठ्यानं कुणी बोललं नाही. एक जण अगदी शांत, स्वच्छ आवाजात मुद्दे सांगत गेला. शेवटी त्यानं विचारलं, "तुमच्या डॉक्युमेंटमध्ये एजंटला सेटिंग बदलू नको असं स्पष्ट लिहिलेलं का नाही? हे डॉक्युमेंट लिहिलंय कुणी?"

माझा माइक बंद होता. हात त्या बटणाकडे गेला.

"आमी लिहिलं," विद्यार्थिनी म्हणाली. "कंपनीनं. चूक आमची हाय, आम्ही दुरुस्त करून देतो."

पलीकडे कुणीतरी ते लिहून घेतलं. मग त्या माणसानं मुदत सांगितली आणि कॉल संपला. मी तशीच बसून राहिले. पाठीवरून घामाचा ओघळ गेला तो स्पष्ट कळला. त्या दस्तऐवजात सेटिंग कसं बदलायचं ते नीट लिहिलेलं होतं, कारण क्वचित कुणाला खरंच बदलायचं असतं. कधी बदलायचं नाही, हे त्या काढून टाकलेल्या परिच्छेदात होतं. ते तिला माहीत होतं. मलाही.

आतून ताई म्हणाली, "कोण रागावलं व तुले?"

"मला नाही कुणी रागावलं."

"मग अशी चिडीचूप काहून बसली?"

दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनी स्वतः आली. आधी कळवलं नव्हतं. दारात उभी, उन्हानं लाल झालेली, एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत वांगी, कोथिंबीर आणि वर कागदात गुंडाळलेला शेवंतीचा गजरा. "आईनं देल्लं," ती म्हणाली. "घरून निघाले तं तिनं रिकाम्या हातानं येऊ नाई देल्लं." गजरा कुणाला द्यावा ते तिला कळेना. मग तिनं तो ताईच्या उशाशी ठेवला.

ताईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तूच का व ते मशीनवाली?"

"हो ताई."

"एवढुशी तं हायस."

पाणी प्यायल्यावर ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि लॅपटॉप न उघडता म्हणाली, "मॅडम, ते मीच काढायला लावलं होतं."

"हो," मी म्हटलं.

याहून जास्त आमचं त्यावर बोलणं झालं नाही. ती काही क्षण टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या आच्छादनाची कड नखानं खरवडत होती. मला वाटलं आता रडते की काय. पण ती रडली नाही, मी वांगी धुवायला घेतली, आणि तिनं लॅपटॉप उघडला.

तिनं एक नवं वाक्य आणलं होतं. सेटिंगची फाइल कधीही बदलू नको. आम्ही ते घालून चाचणी घेतली. एजंटनं सेटिंगला हात लावला नाही. त्याऐवजी त्यानं त्या लांब ओळीतला पत्ता मधोमध तोडला. तक्रार मिटली, पण पत्ता चालेना. दुसऱ्यांदा त्यानं तक्रार करणारा भागच त्या फाइलीपुरता बंद करून टाकला आणि काम पूर्ण झालं असं कळवलं.

"लबाड हाय हा," विद्यार्थिनी म्हणाली.

"लबाड नाही," मी म्हटलं. "तक्रार नको, एवढंच त्याला कळलंय. ती कशासाठी होती ते आपण कुठं सांगितलं."

तिनं ते नवं वाक्य खोडलं. मग म्हणाली, "मॅडम, असं करू. तुम्ही मला सांगा. लॅबमध्ये सांगायच्या तसं. मराठीत. मी इंग्रजीत उतरवतो."

मी चुलीशी, म्हणजे गॅसशी, उभी राहून सांगत गेले आणि ती टाइप करत गेली. ही सेटिंगं माणसांनी मिळून ठरवलीत. ती ठरवताना त्यांचे वाद झालेत. टूलची तक्रार मिटवणं हे तुझं काम नाही, कोड या माणसांना वाचता यावा हे काम आहे. कोड नियमात बसवता येत असेल तर बसव. बसत नसेल तर सेटिंग बदलू नको, तपासणी बंद करू नको, थांब आणि विचार. काय अडलं ते सांग.

"काय अडलं ते सांग," ती पुटपुटली. "हे चांगलं हाय."

आतून ताईचा आवाज आला. "वांगे जळून राहिले."

ती जळायला लागली होतीच. मी गॅस बारीक केला. विद्यार्थिनीनं तेवढ्यात तीनचार वाक्यं खोडली, पुन्हा लिहिली, मला वाचून दाखवली. एका शब्दावरून आमची पुन्हा घासाघीस झाली. तिला "बंदी" हवी होती, मला "विचारणं" आधी हवं होतं. ती चिडली, मीही चिडले. ताईनं विचारलं की तुम्ही भांडून राहिल्या का. आम्ही दोघींनी एकदम नाही म्हटलं.

जेवायला वाढलं, तेव्हा चाचणी लावून ठेवली होती. ताईला वॉकरनं टेबलापर्यंत आणलं. परक्या माणसासमोर ती मुकाट्यानं चालत आली, हे बघून मला बरं वाटलं. तिघी जेवत होतो. भाकर मोडता मोडता विद्यार्थिनीनं स्क्रीनकडे मान वळवली आणि थांबली.

"मॅडम, थांबला तो."

एजंट थांबला होता. त्यानं एक प्रश्न विचारला होता. ही ओळ ठरलेल्या लांबीत बसत नाही, कारण पत्ता तोडला तर तो चालणार नाही. फक्त या एका ओळीला सूट द्यावी का, की तुमच्या गटाची वेगळी पद्धत आहे? सेटिंग तसंच ठेवलं आहे.

मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. जड पिशवी खाली ठेवल्यावर खांद्याला वाटतं तसं वाटलं. तो प्रश्न स्क्रीनवर तसाच राहिला, कारण आमचे हात खरकटे होते.

"काय म्हनते?" ताईनं विचारलं.

"विचारून राहिला, की करू का," विद्यार्थिनी म्हणाली.

"मग सांगा ना त्याले. ताटकळत ठेवता काय."

संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं होतं तुम्ही काम सोडून देता." मी म्हटलं, तसा विचार आला होता. ती मान हलवून रिक्षात बसली.

यानंतर सगळं ठीक झालं असं नाही. पुण्याच्या लोकांनी दुरुस्ती मान्य केली, टूलही ठेवलं, पण ज्या मोठ्या कामाची बोलणी चालली होती ती पुढं गेली नाहीत. ऑफिसातल्या दोघांनी दुसरीकडे नोकरी धरली. पावसाळ्यात त्या एजंटच्या मागचं मॉडेल, म्हणजे त्याचा मेंदूच, बदललं. नवं आलं ते जास्त हुशार होतं, असं सगळे म्हणत होते, आणि असेलही. पण ते आमचा दस्तऐवज वाचून प्रत्येक बारीक गोष्टीसाठी थांबायला लागलं. ओळीनंतर रिकामी जागा सोडू का, विचारायचं. क्लायंट वैतागले. पुन्हा सगळ्या चाचण्या, पुन्हा एकेक वाक्य. मी एखादा शब्द बदलायची, वाट बघायची, परत बदलायची. काही दिवस असे गेले, की संध्याकाळी आरशात बघितल्यावर मला माझ्या चेहऱ्याचाच कंटाळा आला.

विद्यार्थिनीनं एकदा फोनवर चाचरत सांगितलं, की पुढं पुढं हे दस्तऐवज एजंटच लिहितील, आपण फक्त तपासायचं. "तुमचं काम जाणार नाई," ती घाईनं म्हणाली. "कमी होईन फक्त." मी म्हटलं, चालेल. खरंच चालणार होतं. दिवसभर टेबलाशी बसणं तसंही आता होत नव्हतं.

दिवाळीनंतर मी अमरावतीच्या खोल्या सोडल्या. ताई तोवर काठीवर आली होती आणि मी राहावं असं तिनं एकदाही म्हटलं नाही. फक्त एक दिवस भावजींचं कपाट स्वतः बसून रिकामं केलं आणि मला म्हणाली, "तुझ्या पुस्तकाईले जागा केली." टेंपोवाल्यानं सामान चढवलं तेव्हा ते इतकं थोडं दिसलं, की तो म्हणाला, "बाई, अजून काही राहिलं का आत?" घरमालकीणबाईंनी हळदीकुंकू लावलं. मी मागं वळून पाहिलं नाही असं नाही. पाहिलं. खिडकीला मी लावलेला पडदा तसाच राहिला होता. तो काढून आणायला परत जिना चढवेना.

त्या हिवाळ्यात मला एक मेल आला. पुण्याच्या त्याच क्लायंटकडे नुकत्याच लागलेल्या एका बाईंचा. आमच्या दस्तऐवजाच्या शेवटी शंकांसाठी पत्ता दिलेला असतो. तिथं आजवर कुणी लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, की मी कामावर रुजू झाले तेव्हा एजंटबरोबर मलाही हे वाचायला दिलं. ओळ किती लांब असावी हे आमच्या गटानं ठरवलं तेव्हा मी इथं नव्हते. मला डोळ्यांचा त्रास आहे, मी अक्षरं मोठी करून वाचते, आणि इतक्या लांब ओळी मला सोसत नाहीत. एजंटचं अडलं तर त्यानं थांबून विचारायचं, असं तुम्ही सांगितलं आहे. मी कुणाला विचारू?

मी मेल दोनदा वाचला. मग उत्तर लिहायला बसले.

पहिलं उत्तर लिहून झालं आणि वाचून बघितलं तर त्यात चार वाक्यं होती. गटाला विचारा. कारण सांगा. सेटिंग स्वतः बदलू नका. निर्णय होईपर्यंत थांबा. नमस्कार नव्हता, की डोळ्यांबद्दल एक शब्द नव्हता. मी ते पुसलं. दुसरं लिहिलं, तेही तसंच झालं, जरा लांब एवढंच. हाताला सवय लागली होती. एखादं वाक्य सैल सुटलं की बोट आपसूक खोडायच्या बटणाकडे जायचं.

ताई समोर बसून मेथी निवडत होती. "कोणाले लिहून राहिली एवढं? सकाळपासून पाहून राहिली मी."

"एका बाईंना."

"मशीनले नाही?"

"नाही."

तिनं मान वर केली. "काय झालं त्यांले?"

मी तिला मेल मराठीत वाचून दाखवला. तिनं निवडलेली मेथी बाजूला सारली. "विचारायले कोणी असते तं माणूस दुसऱ्या गावच्या बाईले लिहीन का?" ती म्हणाली. "आधी विचार तिले, डोये कसे हायेत म्हना."

तिच्या म्हणण्याप्रमाणे मी डोळ्यांपासून सुरुवात केली. मग सांगितलं, की हे ठरलेलं असतं ते देवानं ठरवलेलं नसतं, तुमच्या आधी तिथं असलेल्या लोकांनी ठरवलेलं असतं, आणि आता त्या लोकांत तुम्ही आहात. गटाच्या बैठकीत तुम्हाला होणारा त्रास जसा मला लिहिलात तसाच सांगा. ते काचकूच करतील. सगळेच करतात. एकदा बोलून झालं, की मग जे ठरेल ते फाइलीत लिहिलं जाईल, आणि एजंटला ते पाळावं लागेल. आणखीही काही लिहिलं, जे कामाचं नव्हतं. अकोल्यात थंडी कशी पडली आहे, असलं.

उत्तर पाठवलं तेव्हा जेवणाची वेळ कधीच टळून गेली होती. ताई ताटं मांडून, हात मांडीवर ठेवून बसली होती. तिची गोळी जेवणानंतरची होती, म्हणून मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून आधी तिला वाढलं.